एक किलोमीटरची मोहिनी

भोरहून आंबवड्याला गेलं की नागेश्वराच्या देवळाच्या वाटेवर झुलता पूल लागतो. सुट्टीच्या दिवशी पुण्याकडची मंडळी येतात, पुलाच्या मधोमध थांबतात आणि मोबाईल काढतात. पूल कसा हलतो, ते घरच्यांना दाखवायचं असतं. साध्या मोबाईलचा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं टिपतो. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत ९०० चित्रं होतात. पूल ओलांडेपर्यंत ती कुणाला तरी पाठवूनही होतात, आणि जागा भरली म्हणून पुढच्या आठवड्यात खोडूनही टाकली जातात.

कुणी हौसेने अर्धा तास कॅमेरा सुरू ठेवला, तर ५४,००० चित्रं होतील. भारतीय पडद्यावर पहिल्यांदा ज्या दोन बायका उभ्या राहिल्या, त्यांच्या अख्ख्या चित्रपटात एवढी चित्रं नव्हती. त्यात होती ५१,९२०. आज त्यातलं एकही पाहायला मिळत नाही.

चित्रपटाचं नाव ‘मोहिनी भस्मासुर’. साल १९१३. दिग्दर्शक दादासाहेब फाळके. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला, तेव्हा तेरा-एक वर्षांची. पुढे तीच कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली. आपल्याकडे या मायलेकींचं नाव ‘पहिली अभिनेत्री’ एवढ्या एका ओळीत संपतं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातही तेवढंच असतं. पण ती ओळ फुटपट्टीने मोजायला घेतली, की हिशेब भलतीकडेच जातो.

१६

५१,९२० हा आकडा कुठल्या वहीत लिहिलेला नाही, तो काढावा लागतो. नोंद आहे ती लांबीची: ३,२४५ फूट. त्या काळी सिनेमा मिनिटांत मोजत नसत, कापडासारखा फुटांत मोजत.

ज्यांनी जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलाय, त्यांच्या हातात कधीतरी फिल्मचा तुकडा आलेला असतो. रीळ तुटलं की ऑपरेटर दोन्ही टोकं कात्रीने सरळ करायचा, चिकटवायचा आणि खेळ पुढे सुरू करायचा. कापलेला तुकडा सकाळी तंबूमागे सापडायचा. पोरं तो उन्हात धरून बघायची. फ्यूज उडालेल्या बल्बात पाणी भरायचं, आरशाने ऊन आत पाडायचं आणि समोरच्या भिंतीवर हिरो उलटा उभा करायचा. तो तुकडा नीट पाहिलेल्याला एक गोष्ट लक्षात यायची: एकाखाली एक असलेली सगळी चित्रं सारखीच दिसतात. बाईचा हात वर जातोय असं पडद्यावर दिसतं, पण तुकड्यावर चार चित्रं उतरलं तरी हात जिथल्या तिथेच. बोटभर हलायला त्याला वीतभर फिल्म लागते.

ही फिल्म ३५ मिलिमीटर रुंद. एका फुटात बरोबर १६ चित्रं. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याची ठरीव गतीही सेकंदाला १६ चित्रांची होती. म्हणजे एक फूट फिल्म म्हणजे एक सेकंद. हिशेब इतका सोपा की तोंडी व्हावा. ३,२४५ फूट म्हणजे ३,२४५ सेकंद, म्हणजे ५४ मिनिटं ५ सेकंद. गुणिले १६ केले की ५१,९२०.

मीटरमध्ये मांडलं तर ९८९. एक किलोमीटरला अकरा मीटर कमी. आंबवड्याच्या रस्त्याने ही फिल्म उलगडत निघालात, तर साध्या चालीने बारा-तेरा मिनिटांत संपेल. भोरजवळच्या भाटघर धरणाच्या भिंतीवर अंथरली, तर दुसऱ्या टोकाला पोचणारच नाही, कारण ती भिंत दीड किलोमीटरहून लांब आहे. भारतातल्या पहिल्या अभिनेत्रीचं सगळं पहिलंपण एवढ्या अंतरात मावतं.

त्यातही मोटार नव्हती. कॅमेऱ्याला हँडल होतं आणि ते हाताने फिरवायचं. एका फेऱ्याला आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे. म्हणजे फक्त पडद्यावर दिसलेल्या भागासाठी ६,४९० फेरे, आणि तेही एका लयीत. हात मंदावला की पडद्यावर मोहिनी पळत सुटणार आणि हात घाईला आला की भस्मासुर पाण्यातून चालल्यासारखा दिसणार. वाया गेलेली, पुन्हा घेतलेली दृश्यं यात धरलेलीच नाहीत.

४,१५,३६०

फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात. यंत्राचे दात त्यात अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. भोकं नसतील तर फिल्म म्हणजे नुसती पट्टी. प्रत्येक चित्राला डावीकडे चार, उजवीकडे चार, अशी आठ भोकं.

फाळक्यांकडे येणारी कच्ची फिल्म कोरी असायची. भोकं घरी पाडावी लागत, तीही काळोखात, कारण उजेडाचा कवडसा लागला तरी फिल्म बाद. हे काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. दिवसा कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि रात्री अंधाऱ्या खोलीत छिद्रं पाडण्याचं यंत्र. फिल्म धुण्याची रसायनं कालवणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडणं, हीही कामं त्यांचीच.

आता आठाने गुणा. ‘मोहिनी भस्मासुर’च्या एका प्रतीला ४,१५,३६० भोकं. सेकंदाला एक या गतीने, न जेवता न झोपता, एकेक मोजत बसलं तर चार दिवस आणि एकोणीस तास लागतात. यंत्राने काम भराभर होत असेल, पण भोक चुकून चालत नव्हतं. आणि हा हिशेब एकाच प्रतीचा. आधी निगेटिव्हला भोकं, मग प्रत्येक नव्या प्रतीला पुन्हा तितकीच.

त्याआधीच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. तिथे हाच आकडा ४,७३,६०० होतो. त्या चित्रपटाला सात महिने एकवीस दिवस लागले आणि १५,००० रुपये खर्च झाले, हे आपण शाळेत वाचतो. काळोखातली भोकं कोणत्याही धड्यात आलेली नाहीत. पडद्यावर पहिली बाई १९१३ च्या दुसऱ्या चित्रपटात आली, हे खरंच. पण पडद्यामागची पहिली बाई पहिल्याच चित्रपटाच्या पहिल्या फुटापासून कामाला लागलेली होती.

१५

‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती पुरुष होती. फाळक्यांनी बाई मिळावी म्हणून पुष्कळ शोध घेतला, पण सिनेमात उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी मुंबईच्या एका खाणावळीत काम करणारा पोरगेला माणूस त्यांच्या नजरेला पडला. नाव अण्णा साळुंके. खाणावळीत त्याला महिना १० रुपये मिळत. फाळक्यांनी १५ देऊ केले, अशी ही हकिकत नेहमी सांगितली जाते.

चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. रामाने ज्या सीतेसाठी लंका गाठली, ती सीता तोच होता. बायकांच्या तुटवड्यावरची सगळी भाष्यं बाजूला ठेवावीत, एवढं हे एक उदाहरण बोलकं आहे.

अशा काळात दुर्गाबाई मुलीला घेऊन उभ्या राहिल्या. त्या काही हौसेने सिनेमा बघायला आल्या नव्हत्या. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन, पोरीला कडेवर घेऊन त्या नाटकात शिरल्या होत्या. फिरत्या नाटक कंपनीत बिऱ्हाड पाठीवर असतं. आज या गावी, उद्या त्या. कमला चार वर्षांची असल्यापासून रंगमंचावर होती. बायकांच्या भूमिका पुरुषांनी करायच्या हा त्या वेळचा शिरस्ता आणि बालगंधर्वांच्या शालूची घडी घरोघरच्या बायका बघून शिकत होत्या. बाईने बाईची भूमिका करणं हेच नवल. आणि रंगमंचावरचं एकवेळ त्या रात्रीपुरतं राहतं, फिल्मवरचं कायम राहील, अशी तेव्हा समजूत होती. ती समजूत किती खोटी ठरली, ते पुढे येईलच.

याच सुमारास सातासमुद्रापार काय चाललं होतं? अमेरिकेत मेरी पिकफोर्ड १९०९ मध्ये सिनेमात आली आणि त्या एका वर्षात पन्नासहून अधिक लहान चित्रपटांत दिसली. आठवड्याला एक या हिशेबाने. १९१६ च्या करारात तिचा पगार ठरला आठवड्याला १०,००० डॉलर. तेव्हाच्या दराने तीस हजार रुपयांच्या वर. तारामतीला महिना १५ आणि तिला आठवड्याला तीस हजार. तिचे आठ दिवस गाठायला साळुंक्यांना दीडशेहून जास्त वर्षं १५ रुपयांवर नोकरी करावी लागली असती.

५,०००

ही दरी आपल्याकडे कमी व्हायला फार काळ लागला नाही, आणि ती कमी करणारी मुलगी पुण्याची होती. रूबी मायर्स, जन्म १९०७, बगदादी ज्यू घराण्यातली. मुंबईत टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम करत होती. कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमात आणलं आणि ती ‘सुलोचना’ झाली. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त तिने एकटीने आठ भूमिका केल्या. साळुंक्यांच्या चौपट! ‘अनारकली’ तर तिच्या आयुष्यात तीनदा आली. १९२८ च्या मूकपटात आणि १९३५ च्या बोलपटात ती स्वतः अनारकली, आणि १९५३ मध्ये सलीमची आई. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला.

इंपीरियल कंपनीत तिचा पगार महिना ५,००० रुपये होता असं सांगतात. त्याला जोडून एक वाक्य ठरलेलं असतं: ‘मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त!’ तिच्याबद्दलच्या बहुतेक लेखांत ते असतं. छापणाऱ्याने छापलं, वाचणाऱ्याने पुढे सांगितलं.

हिशेब करून बघू. मुंबईच्या गव्हर्नरचा पगार कायद्यात लिहिलेला होता. १९१९ च्या कायद्यात वर्षाला १,२८,००० रुपयांची मर्यादा होती, १९३५ च्या कायद्यात १,२०,००० रुपये ठरले. म्हणजे महिना दहा हजारांच्या घरात. सुलोचनाचे वर्षाचे होतात ६०,०००. गव्हर्नरच्या निम्मे. भाटघरच्या धरणाला ज्यांच्यावरून लॉईड धरण म्हणत, ते सर जॉर्ज लॉईड मुंबईचे गव्हर्नरच होते. त्यांच्यासारख्यांना सुलोचनाने मागे टाकलं, ही कथा ऐकायला गोड आहे, पण बेरजेत बसत नाही.

आता गंमत अशी, की दंतकथा काढून टाकली तरी आकडा लहान होत नाही. १९२७ च्या चलन कायद्याने सोन्याचा सरकारी भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असा बांधला होता. त्या भावाने ५,००० रुपयांत दर महिन्याला २३५ तोळे सोनं आलं असतं. पावणेतीन किलो. आजच्या लग्नसराईत पाच तोळ्यांचा हिशेब करताना घाम फुटतो. तारामतीच्या १५ रुपयांशी तुलना केली तर ३३३ पट, आणि मधे गेली होती फक्त पंधरा-एक वर्षं. मुंबईतल्या एका टेलिफोन ऑपरेटर मुलीने गव्हर्नरच्या निम्मा पगार मिळवला, ही गोष्ट गव्हर्नरला हरवण्यापेक्षा मला जास्त मोठी वाटते. कारण ती खरी असू शकते.

२,९८७ किलोमीटर

कमलाबाईंची मोहिनी एका किलोमीटरच्या आत संपली. आता दुसऱ्या टोकाला जाऊ.

येवल्याची अंबा सगुण, म्हणजे ललिता पवार. जन्म १८ एप्रिल १९१६. पुण्यात आर्यन फिल्म कंपनीच्या १९२८ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून तिचं काम सुरू झालं, आणि ते वय नऊ होतं असं लिहिण्याची पद्धत आहे. वजाबाकी केली तर बारा येतात. शेवटचा चित्रपट १९९७ चा ‘भाई’. मधे ६९ वर्षं. ज्या वर्षाच्या आसपास भाटघरचं धरण बांधून पुरं झालं, त्या वर्षी तिने पहिल्यांदा तोंडाला रंग लावला, आणि तो पुसला तेव्हा घरोघरी केबल टीव्ही आलेला होता.

चित्रपटांची संख्या सातशेच्या वर सांगतात. तीच धरू. मूकपट थोडे आखूड, बोलपट लांब. सरासरी १४,००० फूट घेतले तर एकूण ९८ लाख फूट होतात. किलोमीटरमध्ये २,९८७. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे कन्याकुमारीच्या टोकापासून फिल्म उलगडत निघालं, तर देशाच्या वरच्या टोकाला पोचायला अवघे सव्वादोनशे किलोमीटर कमी पडतील. ‘मोहिनी भस्मासुर’च्या तीन हजार पट. चित्रं मोजली तर १५ कोटी ६८ लाख.

आणि हे सगळं सलग पाहायचं ठरवलं तर? बोलपट मिनिटाला ९० फूट पळतो. एक चित्रपट अडीच तासांचा. सातशे चित्रपटांना १,८१५ तास. रात्रंदिवस, डोळा न लावता, पंचाहत्तर दिवस. दिवाळीत बसलात तर संक्रांतीच्या सुमारासच उठाल.

कुणी म्हणेल, सातशे हा आकडाही गव्हर्नरच्या पगारासारखा फुगवलेला असेल. असू दे. निम्मे करा. तरीही दीड हजार किलोमीटर उरतात, आणि भोरहून दिल्ली काही त्याहून फार लांब नाही.

या आकड्यांच्या मधोमध एक क्षण आहे. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी तिला थोबाडीत मारायची होती. ते नवखे होते, हात जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याची शीर दुखावली. तीन वर्षं उपचारात गेली. डोळा बारीक राहिला तो राहिलाच. वय तेव्हा सव्वीस. त्याआधी ती नायिका होती. १९३२ च्या ‘कैलास’ची तर ती सहनिर्माती होती, वयाच्या सोळाव्या वर्षी!

सेकंदाला २४ चित्रं धरली तर थोबाडीत मारायला लागतात दहा-बारा चित्रं. फुटाहूनही कमी फिल्म. तेवढ्या फिल्मने आयुष्याचे दोन तुकडे केले. अलीकडे १४ वर्षं, उपचारांची तीन सोडली तर पलीकडे ५२. आणि आपल्याला ललिता पवार म्हटलं की पलीकडचीच आठवते. बारीक डोळ्याची खाष्ट सासू. ‘श्री ४२०’मधली केळीवाली. ‘अनाडी’तली मिसेस डिसा, जिच्यासाठी तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. अपघाताने हिरावून घेतलं तेच तिने धंद्याचं भांडवल केलं, आणि त्यावर अर्धं शतक चूल पेटती ठेवली.

७ कोटी ७० लाख

१९८७ मध्ये वयाच्या सत्तरीत तिने रामानंद सागरांच्या ‘रामायण’मध्ये मंथरा केली. त्यानंतर ती रस्त्यात दिसली असती तर महाराष्ट्रातल्या कैक आज्यांनी तिला खडसावलं असतं.

ती गेली २४ फेब्रुवारी १९९८ ला, पुण्यात औंधच्या घरी. यजमान आजारपणामुळे रुग्णालयात होते, घरात ती एकटी. गेल्याचं लोकांना कळलं दोन दिवसांनी. सातशे चित्रपट आणि दोन दिवस. या दोन आकड्यांची बेरीज करता येत नाही.

बावीस वर्षांनी टाळेबंदी आली. मार्च २०२० च्या अखेरीस दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा लावलं. १६ एप्रिलला एका दिवसात ७ कोटी ७० लाख लोकांनी ते पाहिलं, असं दूरदर्शनने जाहीर केलं आणि हा जागतिक विक्रम असल्याचा दावा केला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख. दर तीन मराठी माणसांमागे दोघे एकाच वेळी एका मालिकेपुढे बसावेत, एवढी ती गर्दी. जिने वयाच्या बाराव्या वर्षी मुक्या चित्रपटात काम केलं, तिची मंथरा अशा रीतीने मोबाईलच्या पिढीपर्यंत येऊन पोचली. कुबड, काठी आणि तो डोळा.

शून्य

ललिता पवार पोचली, कारण तिचं उत्तरायुष्य टिकाऊ फिल्मवर आणि टेपवर होतं. आधीच्यांचं काय झालं?

त्यांची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. पाण्यात बुडवली तरी आतून जळते. न पेटता नुसती डब्यात राहिली तरी आधी चिकट होते, मग तिची भुकटी होते. शिवाय तिच्यावर चांदीचा अंश असतो. बोलपट आले, मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा अनेक रिळं चांदी काढायला विकली गेली. मोहिनीच्या डोळ्यांतली चमक वितळवून कुणाच्या वाटीत गेली असेल, कोण सांगणार?

अमेरिकेतल्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ मध्ये तिथल्या मूकपटांची शिरगणती केली. जवळजवळ अकरा हजार पूर्ण लांबीच्या चित्रपटांपैकी मूळ रूपात शिल्लक होते शंभरातले चौदा. सत्तर टक्के कायमचे गेले. त्यांच्याकडे या आकड्यावर हळहळ झाली. आपल्याकडे १९१३ ते १९३४ या काळात तेराशेच्या वर मूकपट निघाले, आणि उरलेले, तुकडे धरूनही, शंभरात दोन-तीन भरले तरी पुष्कळ. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, आणि तेही १९१३ चं की १९१७ च्या नव्या आवृत्तीचं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुण्यात ८ जानेवारी २००३ ला नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, त्यात आणखी हजारो रिळं गेली.

फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’चा बराच भाग मात्र वाचला. त्यात कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी आजही कालियाच्या फण्यांवर नाचते. तेव्हा ती सात वर्षांची होती. एवढा तुकडा पाहिला की गेलेल्या तेराशेंची किंमत कळते.

कमलाबाईंच्या वाट्याला शून्य आलं. मोहिनीचा एक फूट नाही, एक सेकंद नाही. पण त्या स्वतः टिकल्या. लग्न गोखल्यांच्या घरात झालं, ऐन तारुण्यात वैधव्य आलं, तीन मुलगे पदरात. त्यांनी नाटक सोडलं नाही, पुढे बोलपटांतही कामं केली. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. मोहिनीच्या वर्षापासून २०२२ मध्ये विक्रम गोखले गेले तोवर मोजली तर एका घरातल्या चार पिढ्यांची १०९ वर्षं. कमलाबाई नव्वदीच्या आसपास असताना रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ नावाचा माहितीपट केला, पाऊण तासाचा. तेरा वर्षांच्या कमलेचं एकही चित्र उरलेलं नाही, उतारवयातल्या कमलाबाई मात्र बोलताना, आठवताना, चालताना आपल्याला दिसतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या गेल्या, ज्या सुमारास ललिता पवारचा शेवटचा चित्रपट आला.

भोर तालुक्याला कॅमेऱ्याचं नवल नाही. भोरच्या राजवाड्यात, घाटात, नदीकाठी सारखी चित्रीकरणं चालू असतात. तंबूवाल्यांची बिऱ्हाडंही या भागात वर्षानुवर्षं उतरत आली. तेव्हा एक विनंती. तुमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, बंद पडलेल्या टॉकीजच्या केबिनमध्ये किंवा एखाद्या तंबूमालकाच्या पेटीत गोल पत्र्याचा डबा सापडला, तर तो भंगारात घालू नका. जवळ काडी ओढू नका, उन्हात ठेवू नका, रीळ ओढून उलगडू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांना आधी कळवा. आत काय असेल ते ते पाहतील. तुमच्या डब्यात एक फूट जरी धड निघाली, तरी ती सोळा चित्रं आहेत. शून्यापेक्षा सोळाने जास्त.